फुलासाठी थांबलात की दमासाठी?

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दिवसाला निदान वीस-पंचवीस जणांना मी एकच वाक्य सांगतो, "रोज अर्धा तास चाला." त्यावर येणारी उत्तरंही आता पाठ झाली आहेत. "दिवसभर कामात चालणंच असतंय की डॉक्टर." "गुडघे कुरकुरतात." आणि तिसरं उत्तर लोक जरा लाजत देतात, "कंटाळा येतो हो." या तिसऱ्या उत्तरावर माझ्याकडे बरीच वर्षं काही औषध नव्हतं, कारण कंटाळा मलाही येत होता.

एकावन्नाव्या वर्षी मी स्वतःची रक्ततपासणी करून घेतली. मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ६.२ निघाला. हा मधुमेह नव्हे, पण त्याचा उंबरठा. दुसऱ्या दिवसापासून मी मैदानावर फेऱ्या मारायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात रोज दहा फेऱ्या, दुसऱ्यात सहा. तिसऱ्या आठवड्यात पाऊस नसतानाही मला पावसाळी हवा दिसू लागली. रुग्ण देतात ती सगळी कारणं मी स्वतःला देऊन पाहिली आणि ती मला पटलीसुद्धा.

त्याच सुमारास कपाट आवरताना मुलाचा जुना कॅमेरा सापडला. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि जाताना फोनवरच समाधान मानून कॅमेरा मागे ठेवून गेला. रविवारी सकाळी तो गळ्यात अडकवून मी कृष्णेच्या काठानं निघालो. परत आलो तेव्हा अडीच तास झाले होते आणि कंटाळा आला नव्हता. त्याला आता पाच वर्षं होतील.

या कॅमेऱ्यानं मला चालायला लावलं. आणि त्याच छंदानं माझ्या एका सोबत्याचा हृदयविकार कितीतरी रविवार माझ्या डोळ्यांदेखत लपवून ठेवला. आज दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत, कारण होळीच्या आगेमागे कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन रानात जाणारे आता बरेच जण आहेत.

फाल्गुनातलं रान

आमची वाट ठरलेली. वाईहून नदीच्या बाजूनं मेणवली आणि तिथून पुढे पांडवगडाच्या पायथ्याकडे. माघ संपून फाल्गुन लागला की या वाटेचा चेहरा आठवड्या-आठवड्याला बदलतो. शाळू काढणीला आलेला असतो, कुठे हळद शिजवत असतात आणि तो वास दूरवर येतो. पळसाला पानं तीनच ही म्हण आपण ऐकलेली असते; या दिवसांत ती तीनही नसतात, नुसता केशरी रंग असतो. काटेसावर आणि पांगारा हेही पानं टाकून फुललेले. पिंपळाला तांबूस पालवी, कुसुमाच्या झाडाला तर लालभडक.

पानं गाळून फुलायचं हा या झाडांचा उन्हाळ्यासाठीचा हिशेब आहे. पानांतून पाण्याची वाफ होत असते. जमिनीतलं पाणी कमी होऊ लागलं की पानं टाकून झाड ते वाचवतं. उघड्या फांदीवरची फुलं पक्ष्यांना लांबून दिसतात. पुढे उन्हाळ्यात शेंगा आणि बोंडं पिकतात, पानांचा अडथळा नसल्यानं सावरीचा कापूस बियांसकट वाऱ्यावर जातो, आणि पावसाच्या आधी बी जमिनीवर पोचलेलं असतं. सावर, पांगारा, पळस या तिघांचीही फुलं लाल-केशरी आणि मधानं भरलेली असतात. मधमाशांना लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना उत्तम दिसतो. म्हणून फुललेल्या सावरीखाली अर्धा तास उभं राहिलं की मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर असे सगळे हजेरी लावून जातात. मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी आलेल्या गुलाबी पाठीच्या भोरड्यांचे थवेही याच दिवसांत दिसतात. शेतकरी शाळवावरून त्यांना हाकलतो आणि आम्ही त्यांच्या मागे कॅमेरा घेऊन धावतो. थोड्याच आठवड्यांत त्या परतीच्या वाटेला लागतात.

हे सगळं मला पूर्वी माहीत नव्हतं. तीस वर्षं मी याच भागात नोकरी केली आणि पांगारा व पळस यांतला फरक मला सांगता आला नसता. फोटो काढायचा म्हणून जवळ गेलो, मग नाव विचारावंसं वाटलं, मग पुढच्या रविवारी त्याच झाडाचं काय झालं ते पाहावंसं वाटलं. कंटाळ्यावरचं औषध ते हे. चालायचं म्हणून आता मी घराबाहेर पडतच नाही. पांगाऱ्याचं काय झालं ते पाहायला बाहेर पडतो आणि वाटेत चालणं होऊन जातं.

हे चालणं व्यायामात धरायचं का?

प्रामाणिक उत्तर द्यायचं तर अर्धंच. एकदा मी घड्याळ लावून मोजलं. दोन तासांच्या फेरीत मी प्रत्यक्ष पावलं टाकली ती जेमतेम पन्नास मिनिटं, आणि त्यातही बरंचसं रेंगाळत.

चालण्याचा हृदयाशी संबंध आहे हे आज सगळे मानतात, पण तो आकड्यांनी दाखवला गेला त्याला फार काळ झालेला नाही. लंडनमधल्या जेरी मॉरिस या डॉक्टरनं १९५३ मध्ये दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडला. ड्रायव्हर दिवसभर बसून असत, कंडक्टर तिकिटं देत वर-खाली करत, रोज शेकडो पायऱ्या चढत. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी आढळलं. पुढे मॉरिस यांनीच कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरांची कंबर नोकरीला लागतानाच जास्त होती असं दिसलं. म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येणार नव्हतं. तरीही नंतरच्या अनेक अभ्यासांनी मूळ मुद्दा पक्काच केला.

रोज दहा हजार पावलं हा आकडा मात्र दवाखान्यातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं. त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडा जगभर गेला. अलीकडच्या मोठ्या विश्लेषणांत साठीपुढच्या लोकांना मिळणारा फायदा सहा ते आठ हजार पावलांच्या आसपास स्थिरावताना दिसतो. त्यामुळे साडेसहा हजारांवर थांबलेल्या आजोबांनी रात्री घरातल्या घरात येरझाऱ्या घालून आकडा भरण्याची गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम सांगते. मध्यम गती ओळखायची साधी खूण अशी, की चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. मिनिटाला सुमारे शंभर पावलं पडली तर ती गती साधली असं समजावं. पूर्वी सलग दहा मिनिटं चाललात तरच ती मिनिटं मोजायची असा नियम होता. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ही अट राहिलेली नाही. तुकड्यातुकड्यानं केलेलं चालणंही धरलं जातं. पण ते चालणं असावं लागतं. भोरडीची वाट पाहत झाडाखाली उभं राहणं मनाला चांगलं, हृदयाला त्याचा व्यायाम होत नाही.

म्हणून मी एक सोपी पद्धत लावून घेतली. जाताना पहिली पंचवीस-तीस मिनिटं कॅमेरा पिशवीत. ती झपाझप चालायची, काहीही दिसलं तरी. मग कॅमेरा बाहेर काढायचा आणि मनसोक्त रेंगाळायचं. परतताना पुन्हा पिशवी बंद. एका रविवारी अशी पन्नास-साठ मिनिटं जमली की आठवड्याच्या हिशेबातला तिसरा हिस्सा झाला. बाकीचा सोमवार ते शनिवार पूर्ण करावा लागतोच. माझा आकडा पुढच्या वर्षी ५.८ वर आला. त्यात चालण्याबरोबर रात्रीचा दुसरा भात बंद झाल्याचाही वाटा आहे.

डोळ्यांचं आणि मनाचं

रॉजर उलरिख या संशोधकानं १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापला. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण त्यानं जोडीजोडीनं निवडले. अशा २३ जोड्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांना थोडं लवकर घरी सोडता आलं आणि वेदनाशामक तीव्र औषधं कमी लागली. अभ्यास लहान आहे, पण आमच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट का मागतात हे ज्यानं पाहिलंय त्याला नवल वाटणार नाही. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ च्या पाहणीत, आठवड्यात दोन तास किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. यात मुळातच धडधाकट माणसं बाहेर जास्त जातात हेही असणार. तरी दोन तास म्हणजे एक रविवार सकाळ. एवढा प्रयोग करून पाहायला हरकत नाही.

कॅमेऱ्याबद्दल मात्र एक सावधगिरी. लिंडा हेंकेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात लोकांना फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या पाहायला. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. जणू कॅमेऱ्यावर सोपवलं की डोकं मोकळं. पण ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो घ्यायला सांगितलं होतं, त्यांच्या आठवणीला धक्का लागला नाही. २०१४ मध्ये छापलेला हा अभ्यास वाचल्यापासून मी फोटोंची संख्या कमी केली. झाडाजवळ जायचं, एक फूल निवडायचं, पाकळीपर्यंत पाहायचं, मगच बटण दाबायचं. येता-जाता चालत्या गाडीतून काढलेल्या दोनशे फोटोंपेक्षा असे दहा फोटो जास्त आठवतात.

होळीच्या आधीचा रविवार

आता त्या सोबत्याची गोष्ट. त्यांच्या परवानगीनंच लिहितो आहे. ते विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, वय ६३. मी त्यांना 'सर' म्हणतो, ते मला 'डॉक्टर'. रक्तदाबाची गोळी दहा वर्षं चालू, तंबाखू नाही, अंगकाठी सडसडीत. आम्ही दोन वर्षं दर रविवारी बरोबर जात होतो.

गेल्या वर्षी होळीच्या आधीच्या रविवारी मेणवलीपर्यंत आम्ही छान बोलत गेलो. पुढे चढ लागला तसे सर मागे पडू लागले. "तुम्ही व्हा पुढे, मी जरा हा पांगारा टिपतो." थोडं चढल्यावर पुन्हा, "एक मिनिट, इथला उजेड बघा." मी पुढे जाऊन दगडावर बसायचो आणि ओरडायचो, "अहो सर, किती फोटो काढता! निवडणुकीला उभे आहात का?" ते हसायचे. वर पोचल्यावर त्यांनी पाणी घेतलं, म्हणाले, "सकाळी पोहे खाऊन निघालो ते चुकलं. पोटात गॅस धरल्यासारखं झालंय." पाच मिनिटांत बरं वाटलं. उतरताना ते माझ्या पुढे होते.

आमचे फोटो दर रविवारी रात्री माझ्या लॅपटॉपवर उतरवायचे अशी पद्धत होती. डिजिटल फोटोवर तो काढल्याची वेळ नोंदलेली असते आणि फोटो त्या क्रमानं दिसतात. सपाटीवरचे सरांचे फोटो नेहमीसारखे होते. शिंजीर दिसला तेव्हा एका मिनिटात सात, मग पंधरा मिनिटं एकही नाही. चढावरचे फोटो वेगळे होते. दर तीन मिनिटांनी एक. काय होतं त्यांत? वाळलेलं गवत. एक दगड. पांगाऱ्याची तीच फांदी तीन वेळा. रिकामं आभाळ. एकात त्यांचा स्वतःचा बूट.

छंदी माणूस विषय दिसला की थांबतो, आणि विषय काही घड्याळ लावून भेटत नाहीत. हे थांबे घड्याळ लावल्यासारखे होते. मी मागचे रविवार उघडले. जानेवारीत त्याच चढावर दर सहा-सात मिनिटांनी एक फोटो होता. त्याआधीच्या दिवाळीत पूर्ण चढावर मिळून चार.

रात्रीचे साडेदहा झाले होते. फोन केला.

"सर, झोपलात का? एक विचारू? चढावर थांबत होता ते फोटोसाठी की दमासाठी?"

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन्ही. म्हणजे... छातीत जरा आवळल्यासारखं होतं. थांबलं की जातं. कॅमेरा असला की बरं पडतं, कुणाला काही वाटत नाही."

मागून वहिनींचा आवाज आला. त्यांनी फोनच घेतला. "डॉक्टर, हे घरीसुद्धा जिन्यात थांबून फोनवर बोलत असतात. मला वाटायचं विद्यार्थ्यांचे फोन येतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना रुग्णालयात बोलावलं. ईसीजी साधा आला. सहा महिन्यांपूर्वीचाही साधाच होता आणि तो दाखवून त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. मग चालत्या पट्ट्यावरची चाचणी, म्हणजे टीएमटी, केली. दुसऱ्या टप्प्यातच, पट्ट्याचा चढ वाढल्यावर, आलेखात बदल दिसले आणि चाचणी थांबवावी लागली. अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या डाव्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. आठवड्याभरात स्टेंट बसला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो, त्यामुळे पैशासाठी अडलं नाही.

सर वाचले याचा आनंद आहेच. पण ते आलेख दिवाळीपासून माझ्याच लॅपटॉपवर पडून होते. तीस वर्षं छातीच्या दुखण्याचे रुग्ण तपासणारा माणूस दगडावर बसून निवडणुकीचे विनोद करत होता. रुग्ण खुर्चीत बसून तक्रार सांगतो तेव्हा आम्ही डॉक्टर ऐकतो. सोबती म्हणून चालणाऱ्या माणसाला आम्ही तपासत नाही, हे मला त्या रात्री कळलं.

थांब्याची ओळख

हा आजार डॉक्टरी पुस्तकात आला तोच मुळी चालणाऱ्या माणसांमुळे. विल्यम हेबरडेन या इंग्रज डॉक्टरनं १७६८ मध्ये लंडनच्या सहकाऱ्यांपुढे त्याचं वर्णन वाचलं. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत घुसमट होते आणि उभं राहताच ती जाते, हे त्यानं तेव्हाच नोंदलं होतं. त्याला 'अँजायना' हे नाव त्यानंच दिलं. चढावर हृदयाला प्राणवायू जास्त लागतो. अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून तो तेवढा पोचत नाही. थांबलं की मागणी उतरते आणि त्रास जातो. सरांच्या पोह्यांनंतरच्या चढाचं वर्णन अडीचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं.

पायाच्या रक्तवाहिन्यांचंही असंच. त्या अरुंद झाल्या की ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत वळ येतो, उभं राहिलं की जातो. जर्मन भाषेत या आजाराला दुकानाच्या काचेवरून नाव पडलं आहे, कारण असे रुग्ण बाजारात दर थोड्या अंतरावर थांबून दुकानाच्या काचेतला माल पाहत असल्याचं दाखवतात. बिडी-सिगारेट ओढणारे आणि मधुमेही यांच्यात तो जास्त दिसतो. दुकानाची काच, जिन्यातला फोन, गळ्यातला कॅमेरा. माणसाला दम लागतो हे सांगायची लाज सगळीकडे सारखीच.

म्हणून स्वतःला आणि सोबतच्यांना विचारायचे प्रश्न हे:

थांबा चढावरच येतो का? सपाटीवर नसतो का? गेल्या वर्षी याच चढावर इतकं थांबत होता का? थांबायच्या आधी छातीत, गळ्याशी, जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात आवळणं, जडपणा, जळजळ होते का? दोन-पाच मिनिटांत ती जाते का?

उत्तर 'हो' असेल तर चालणं थांबवून आधी डॉक्टरांना भेटा. मधुमेहींना आणि वयस्कर मंडळींना, विशेषतः बायकांना, छातीत न दुखता नुसता दम लागणं किंवा अचानक गळून गेल्यासारखं होणं एवढीच खूण असू शकते. आणि बसल्या जागी काढलेला ईसीजी साधा असला म्हणजे हृदय ठीक, असं समजू नका. अँजायनाच्या अनेक रुग्णांचा तो साधाच असतो. चढ चढताना होणारा त्रास खाटेवर पडून दिसत नाही. डॉक्टरांना "गॅस होतोय" असं निदान सांगू नका, "चढावर होतं, थांबल्यावर जातं" हे सांगा. त्या एका वाक्यावर आमचं अर्धं काम होतं.

थांबूनही पाच-दहा मिनिटांत त्रास गेला नाही, घाम फुटला, किंवा बसल्या जागी सुरू झाला तर तिथंच बसा आणि १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका.

कॅमेरा गळ्यात अडकवण्याआधी

काही लहान गोष्टी, ज्या ओपीडीत पुन्हा पुन्हा दिसतात. जमिनीलगतच्या फुलासाठी उकिडवं बसून झटकन उठू नका. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या घेणाऱ्यांचा दाब उठताना एकदम उतरतो आणि घेरी येते. आधी गुडघा टेका, मग काहीतरी धरून उठा. जड लेन्सचा कॅमेरा मानेवर लोंबकळू देऊ नका, पट्टा खांद्यावरून आडवा घ्या.

इन्शुलिन किंवा साखर झपाट्यानं कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. फोटोच्या नादात न्याहारीची वेळ टळते आणि थरथर, घाम, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. मधुमेहींनी चपला नकोत, बंद बूट आणि मोजे घालावेत, घरी आल्यावर तळपाय पाहावेत. सावरीचे काटे पायाला संवेदना नसली तर कळतही नाहीत.

उगवत्या-मावळत्या सूर्याचे फोटो हवे असतील तर भिंगातून थेट दिसणाऱ्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून सूर्याकडे पाहू नका. लेन्स सूर्यप्रकाश एकवटते आणि डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते.

सावरीवर किंवा कड्यावर आग्या मोहोळ असेल तर लांबूनच फोटो घ्या. उग्र अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. माशा उठल्या तर तोंड झाकून लांब पळा, जागेवर हात झटकत उभे राहू नका. नांगी लगेच काढा. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला किंवा पुष्कळ डंख असतील तर थेट रुग्णालय गाठा. झुडपांवर मखमली तपकिरी शेंगा दिसल्या तर ती बहुधा खाजकुइली. हात लागला तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढली की केस निघून येतात, मग धुवा.

आणि ऊन. फाल्गुनातली पहाट गार असते म्हणून लोक फसतात. थंडीला सरावलेल्या शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यामुळे हंगामातले पहिले तापलेले दिवस जास्त बाधतात. सूर्योदयाला निघा, साडेनऊ-दहापर्यंत घरी या, पाणी बरोबर ठेवा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळा लागताना एकदा डॉक्टरांना विचारून घ्या.

स्टेंटनंतर सर सहा आठवड्यांनी पुन्हा चालू लागले, आधी घराजवळच्या सपाट रस्त्यावर, मग हळूहळू मेणवलीपर्यंत. या वर्षी बावधनच्या बगाडाच्या आधी आम्ही पुन्हा त्या चढावर गेलो. आता आमचा एक नियम आहे. जो थांबेल त्यानं थांबायचं कारण मोठ्यानं सांगायचं. परवा चढावर सर थांबले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाले, "पळस." दहा पावलांवर मी थांबलो आणि खरं ते सांगितलं, "दम." सरांनी कॅमेरा खाली केला आणि मला विचारलं, "छातीत काही?" मी म्हटलं, "नाही, नुसतं वजन वाढलंय."

ते म्हणाले, "तरी सोमवारी टीएमटी करून घ्या."

करून घेतली. ठीक आहे.